कोंबडीच्या मुंडक्यातली लस

नगर जिल्ह्याच्या दक्षिण भागातल्या एका शाळेत विज्ञानाच्या शिक्षकांशी गप्पा मारायला आम्ही गेलो होतो. विषय सूक्ष्मजीवांचा ठरला होता. पण मधल्या सुट्टीत चहा पिताना बोलणे भलतीकडेच गेले. आठ दिवसांपूर्वी सातवीतल्या एका मुलाला शाळेच्या वाटेवर कोल्ह्यासारखे काही जनावर चावले होते. दिवसाढवळ्या, आपणहून अंगावर येऊन. वस्तीवरच्या लोकांनी काठ्यांनी ते मारले आणि ओढ्याकाठी खड्डा करून पुरून टाकले. कोणी म्हणे कोल्हा होता, कोणी म्हणे लांडग्याचे पिल्लू, एक आजोबा म्हणाले, "कसला कोल्हा, गावठी कुत्रंच होतं ते, खरजेनं केस गेलेलं."

गुरुजींनी मात्र वेळ घालवला नव्हता. जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटे धुतली, आणि मुलाला मोटारसायकलवर घालून दवाखाना गाठला. तिथे लस मिळाली, सीरम मिळाले नाही, त्यासाठी पुढे नगरपर्यंत जावे लागले. आम्ही गेलो त्या दिवशी तो मुलगा पहिल्या बाकावर बसलेला होता.

त्या गुरुजींनीच मग विचारले, "सर, युरोपात म्हणे खाण्यात लस घालून रानात टाकतात. जनावरं ती खातात आणि त्यांना रेबीज होत नाही. मग आपल्याकडे का टाकत नाहीत?"

"खर्च फार येतो" असे काहीतरी बोलून आम्ही वेळ मारून नेली. पुढे याबद्दल वाचायला बसलो तेव्हा लक्षात आले, की उत्तर चुकले होते. खर्च येतो हे खरे, पण मुख्य कारण ते नाही. गुरुजींना द्यायला हवे होते ते उत्तर असे लांबलचक आहे.

गोष्ट सुरू होते ती खोकडापासून. इथे एक घोळ आधीच निस्तरायला हवा. इंग्रजी 'फॉक्स'ला आपण पुस्तकांत सर्रास 'कोल्हा' म्हणतो. द्राक्षे आंबट म्हणणारा कोल्हा असाच आपल्याकडे आला. प्रत्यक्षात आपला कोल्हा म्हणजे 'जॅकल', आणि फॉक्सचा भाऊबंद म्हणजे माळरानावरचे छोटे, झुपकेदार शेपटीचे खोकड. युरोपात असते ते त्याच्याहून मोठे, तांबडे खोकड. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास पूर्व युरोपात या तांबड्या खोकडांमध्ये रेबीज पसरला आणि दरवर्षी काही दशक किलोमीटर या वेगाने पश्चिमेकडे सरकत राहिला. १९६७ मध्ये तो स्वित्झर्लंडच्या हद्दीत शिरला.

सरकारांनी पहिल्यांदा केले ते कोणीही करील तेच. खोकडे मारली. बंदुकीने मारली, बिळांत विषारी वायू सोडून मारली. रोग काही थांबला नाही. खोकडांच्या हद्दी ठरलेल्या असतात. एक हद्द रिकामी झाली, की शेजारची तरुण खोकडे ती बळकावायला येतात, येताना भांडतात, एकमेकांना चावतात, आणि रेबीजला तर चावाच हवा असतो. शिवाय भरपूर खायला असले, की पुढच्या वर्षी पिल्लेही जास्त जगतात.

मारून भागत नसेल तर टोचायचे का? रानातली हजारो खोकडे पकडून त्यांना सुई टोचणे कसे जमणार? तेव्हा लस तोंडावाटेच जायला हवी. अमेरिकेत जॉर्ज बेअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हे होऊ शकते असे दाखवले. पण त्यात एक गोम होती, आणि ती वर्गात सांगण्यासारखी आहे. माणसाला टोचतात ती रेबीजची लस मेलेल्या विषाणूंची असते. ती खाऊ घालून उपयोग नाही. तोंडावाटे द्यायची लस जिवंत, पण दुबळ्या केलेल्या विषाणूची लागते. असा विषाणूसुद्धा थेट पोटात गेला तर जठरातले आम्ल त्याची वासलात लावते. त्याने आपले काम त्याआधीच, तोंडातल्या आणि घशातल्या ओल्या अस्तरात, टॉन्सिल्सपाशी उरकायचे असते. म्हणजे प्राण्याने लशीची पुडी अख्खी गिळता कामा नये. ती दातांखाली फुटली पाहिजे आणि आतला द्रव तोंडभर पसरला पाहिजे. तेव्हा पोळीत गोळी घालून कुत्र्याला चारतात तसले हे काम नव्हे. आमिष असे हवे, की ते चावावेच लागेल.

या विषाणूची कूळकथाही गमतीची आहे. पहिल्या मोहिमांत वापरलेला दुबळा विषाणू मुळात १९३५ मध्ये अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात एका पिसाळलेल्या कुत्र्यातून मिळालेला होता. पिढ्यान् पिढ्या प्रयोगशाळेत वाढवून त्याची नांगी मोडली, आणि चाळीसेक वर्षांनी तो युरोपातल्या खोकडांच्या कामी आला.

बर्न विद्यापीठातले फ्रान्झ श्टेक, अलेक्झांडर वांडेलर आणि त्यांचे सहकारी यांनी आमिष निवडले ते कोंबडीच्या मुंडक्याचे. कत्तलखान्यात ते फुकटासारखे मिळते, खोकडाला आवडते, आणि ते चावून फोडावेच लागते. मुंडक्याच्या कातडीखाली लशीची छोटी सीलबंद पुडी सरकवलेली. १७ ऑक्टोबर १९७८ रोजी ऱ्होन नदीच्या खोऱ्यात अशी सुमारे चार हजार मुंडकी टाकण्यात आली. रोगाची आघाडी जिनिव्हा सरोवराच्या बाजूने खोऱ्यात शिरू पाहत होती. दोन्ही बाजूंना उंच डोंगर, म्हणजे खोकडाला जायला वाट एकच. त्या वाटेवर लस घेतलेल्या खोकडांची भिंत उभी करायची, अशी ही कल्पना होती. भिंत टिकली. रोग खोऱ्यात वर चढला नाही.

आमिष नेमके कोणी खाल्ले हे कसे कळायचे? त्यासाठी आमिषात टेट्रासायक्लिन घालत. हे आपल्या ओळखीचे प्रतिजैविक. ते दातांत आणि हाडांत जाऊन बसते आणि अतिनील प्रकाशात पिवळसर चमकते. (लहान मुलांना ते देत नाहीत त्याचेही कारण हेच, दात पिवळे पडतात.) मेलेल्या खोकडाचा दात कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, की त्याने आमिष खाल्ले होते की नाही ते समजे.

श्टेक यांना पुढचे यश पाहायला मिळाले नाही. १९८२ मध्ये हेलिकॉप्टरच्या अपघातात ते गेले. काम थांबले नाही. कारखान्यात तयार होणारी आमिषे आली, ती विमानातून टाकू लागले. रेबीजच्या विषाणूचे एकच प्रथिन देवीच्या लशीतल्या विषाणूवर चढवून नवी लस तयार झाली आणि १९८७ पासून बेल्जियममध्ये तिच्या चाचण्या झाल्या. स्वित्झर्लंड १९९९ मध्ये, फ्रान्स आणि बेल्जियम २००१ मध्ये, तर जर्मनी २००८ मध्ये खोकडांच्या रेबीजमधून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. एका रानटी प्राण्यातून एक जीवघेणा रोग त्या प्राण्याला न मारता हटवला गेला. विज्ञानाच्या इतिहासात असे फार वेळा घडलेले नाही.

आता नगरकडे येऊ. (२०२४ मध्ये जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, पण आमच्या बोलण्यात अजून नगरच येते.) स्वित्झर्लंडमध्ये हे जमले त्याचे कारण नुसते कोंबडीचे मुंडके नव्हे. तिथल्या शास्त्रज्ञांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती, ती म्हणजे विषाणूचे बिऱ्हाड खोकडात आहे. गाय, हरीण, मांजर, माणूस यांना रेबीज होई, पण तो त्यांच्यापाशीच संपे. ते सगळे पाहुणे. खोकडातून खोकडात, तिथून पुन्हा खोकडात अशी साखळी फक्त एका जातीत चालू होती. ती तोडली, की पाहुण्यांचा प्रश्न आपोआप सुटणार होता. आणि हे ठाऊक होते कारण वर्षानुवर्षे मेलेली, मारलेली जनावरे प्रयोगशाळेत आणून त्यांचा मेंदू तपासला जात होता.

नगरच्या माळावर बिऱ्हाड कोणाकडे आहे?

इथल्या माळावरच्या प्राण्यांची शास्त्रीय ओळख तशी जुनी. विल्यम हेन्री साइक्स नावाचा कंपनी सरकारचा लष्करी अधिकारी १८२० च्या दशकात पुणे, नगर, खानदेश, धारवाड असा दख्खनभर मोजदाद करत हिंडला, आणि १८३१ मध्ये त्याने लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे दख्खनच्या सस्तन प्राण्यांची यादी मांडली. आपल्या लांडग्याला 'कॅनिस पॅलिपेस', म्हणजे फिक्या पायांचा, हे नाव त्यानेच दिले. आपल्या खोकडाला तर त्याने 'कॅनिस कोक्री' म्हटले होते. इथल्या लोकांच्या तोंडचा शब्द उचलून त्याने तो लॅटिनच्या पंगतीला बसवला. (पुढे ते नाव टिकले नाही, कारण या प्राण्याला त्याआधीच बंगालवरून नाव मिळालेले होते.) लांडगा, खोकड, कोल्हा, तरस आणि मुंगूस, ही मंडळी आजही आहेत. यांतल्या कोणालाही रेबीज होऊ शकतो. पिसाळलेला लांडगा तर भयंकरच, कारण तो तोंडावर आणि डोक्यावर चावतो, आणि तिथून मेंदू जवळ. १९५४ मध्ये इराणमधल्या एका गावात एकाच पिसाळलेल्या लांडग्याने एका रात्रीत २९ माणसांना चावे घेतले. ज्यांना लशीच्या जोडीला सीरमही मिळाले, त्यांतले बहुतेक वाचले. नुसत्या लशीवर राहिलेल्यांत मृत्यू जास्त झाले. गुरुजींना नगरपर्यंत धावावे लागले त्या सीरमचे महत्त्व जगाला पटले ते त्या लांडग्यामुळे.

पण होऊ शकतो म्हणजे बिऱ्हाड आहे असे नव्हे. भारतात रानटी प्राण्यांतून जे थोडे विषाणू मिळाले आणि तपासले गेले, ते कुत्र्यांत फिरणाऱ्या विषाणूंच्याच कुळातले निघाले आहेत. आपल्याकडे माणसांना होणारा रेबीज तर जवळजवळ सगळा कुत्र्यांकडूनच येतो. म्हणजे आपल्याकडे बिऱ्हाड कुत्र्यात आणि लांडगा-कोल्हा हे पाहुणे, असेच आजच्या माहितीवरून म्हणावे लागते.

हे पाहुणे कुत्र्याच्या किती जवळ राहतात याची कल्पना यावी म्हणून अकोल्याचे उदाहरण. आमच्या जिल्ह्यातले अकोले, प्रवरेच्या काठचे. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या ऊस-भाजीपाल्याच्या टापूत स्वयंचलित कॅमेरे लावून बिबट्यांचा अभ्यास केला. जंगल नाही, रानटी शिकार जवळजवळ नाही, माणसांची वस्ती मात्र दाट. तरी दर शंभर चौरस किलोमीटरला पाचेक बिबटे आणि तितकीच तरसे निघाली. बिबट्यांच्या विष्ठेतले केस तपासले तेव्हा त्यांच्या आहारातला ८७ टक्के भाग पाळीव प्राण्यांचा ठरला, आणि त्यातही पहिला नंबर कुत्र्याचा होता, ३९ टक्के. त्या भागात शेळ्या कुत्र्यांच्या कितीतरी पट, तरी शेळीचा वाटा ११ टक्केच. शेळी रात्री गोठ्यात बांधलेली असते, कुत्रे मोकळे असते.

अशा टापूत कोंबडीची मुंडकी टाकली तर ती कोण खाईल? आम्ही हा प्रश्न शिक्षकांना विचारला, तेव्हा सगळे एका सुरात म्हणाले, "कुत्री!" आणि उरलेली कावळे, डुकरे, मांजरे. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर अबी वनक आणि सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग इथे आठवतो. खोकडांसाठी खाण्याची ताटे ठेवायची आणि जवळ कुत्रे दिसेल असे करायचे. कुत्रे दिसले, की खोकडांचे खाणे कमी होई. म्हणजे ज्याच्यासाठी पान वाढायचे तो लाजून बाजूला, आणि बिनबोलावलेला जेवून जाणार.

दुसरी अडचण लशीच्या जिवंतपणाची. झिम्बाब्वेत कोल्ह्यांसाठी अशी लस वापरावी का याचा विचार चालू असताना जुन्या प्रकारची लस बबून माकडांना पाजून पाहिली, तेव्हा काही माकडांना रेबीजच झाला. हे १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले. नंतरच्या लशी पुष्कळच सुरक्षित आहेत. तरी २००० मध्ये अमेरिकेत एका बाईने कुत्र्याच्या तोंडातून आमिष ओढून काढताना तिला चावा बसला आणि देवीच्या लशीतल्या विषाणूवर बेतलेल्या लशीचा संसर्ग झाला. ती बरी झाली. पण आपल्या वस्त्यांवरची पोरे आणि देवळापुढची वानरे डोळ्यांपुढे आणा, आणि मग विमानातून आमिषे टाकण्याचा विचार करा.

मग लांडग्याला आमिषातून लस देताच येणार नाही का? इथिओपियाच्या बाले पर्वतात हे केले आहे. तिथला लांडगा जगात फक्त पाचएकशे उरलेला. गुराख्यांच्या कुत्र्यांकडून आलेल्या रेबीजने १९९१ पासून अनेकदा त्याचे कळपच्या कळप बसवले. तिथे आमिष शेळीच्या मांसाचे. माणसे घोड्यावरून रात्री कळपामागे जातात, एकेका लांडग्यापुढे आमिष टाकतात आणि त्याने ते चावले का ते पाहतात. २०१८ मध्ये पहिली मोहीम झाली. पण हेही सांगायला हवे, की त्याच पर्वताच्या पायथ्याशी दरवर्षी हजारो कुत्र्यांना सुईने लस टोचणे चालूच असते. पाचशे लांडग्यांना नावानिशी ओळखणारी माणसे असली तर हे जमते. आपला लांडगा देशभर मिळून तीनेक हजार असावा असा अंदाज आहे, आणि तो धनगरांच्या मेंढरांमागे, बाभळीच्या वनांतून, औद्योगिक वसाहतींच्या कडेने फिरत असतो. मेंढरांबरोबर पुन्हा कुत्री असतातच.

तेव्हा आपल्याकडे आमिषाची गोष्ट वळते ती कुत्र्याकडेच, आणि त्यातला सगळ्यात जवळचा धडा गोव्यात मिळतो. गोव्यात २०१३ ते २०१९ या काळात रेबीज हटवण्याची मोठी मोहीम झाली. ९५ हजारांहून अधिक कुत्र्यांना लस टोचून ७० टक्क्यांचा टप्पा गाठला, शाळांतून दरवर्षी दीड लाख मुलांपर्यंत माहिती पोचवली. कुत्र्यांमधला रेबीज ९२ टक्क्यांनी घटला आणि माणसांचे मृत्यू थांबले. हे सगळे सुईनेच. पण जी कुत्री माणसाला जवळ येऊ देत नाहीत त्यांना मोठ्या जाळ्यांनी पकडावे लागे. जाळेवाली सातआठ माणसांची टोळी गाडीतून उतरली, की गल्लीतली हुशार कुत्री आधीच पसार. म्हणून तिथे एक तुलना करून पाहिली. ती २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. एका बाजूला जाळेवाली टोळी, दुसऱ्या बाजूला स्कूटरवर दोन माणसे आणि पिशवीत आमिषे. तेव्हा भारतात तोंडावाटे देण्याच्या लशीला परवाना नव्हता, म्हणून आमिषे लशीविना होती. बघायचे होते ते फक्त किती कुत्र्यांपर्यंत पोचता येते ते. जाळेवाल्यांना दिसलेल्या कुत्र्यांपैकी ६३ टक्के हाती लागली, स्कूटरवाल्यांची ८० टक्के. आणि माणशी दिवसाला हिशेब केला तर जाळ्याने ९ कुत्री, आमिषाने ३५.

आम्हाला यातला मोठा फरक वाटतो तो असा. ऱ्होनच्या खोऱ्यात आमिष टाकून माणूस निघून जात होता. गोव्यात माणूस आमिष कुत्र्यापुढे टाकतो आणि तिथेच थांबून पाहतो. कुत्र्याने चावून पुडी टाकून दिली, तर ती उचलता येते, म्हणजे पोरांच्या हाती पडत नाही. मुंगूस आणि कावळा यांचाही प्रश्न उरत नाही.

हे सगळे आम्ही त्या गुरुजींना पत्रातून लिहिले. शेवटी एक गोष्ट जोडली, जरा संकोचानेच. मुलाला चावलेले ते जनावर पुरले गेले, आणि ते काय होते, त्याला रेबीज होता का, त्याचा विषाणू कुत्र्याच्या कुळातला होता का, हे सगळे त्याच्याबरोबर पुरले गेले. २०२४ मध्ये मुंबईत चेंबूर भागात काही कोल्हे मेले. त्यांची तपासणी झाली, म्हणून त्यांच्यात रेबीज सापडला आणि सगळ्यांना कळले. माळावर मेलेल्या कोल्ह्याचा मेंदू तपासायला कोणी नेत नाही. आपल्याकडे बिऱ्हाड कुत्र्यात आहे असे आम्ही वर लिहिले, ते ज्या थोड्या नमुन्यांच्या आधारावर, त्यांत असल्या माळांवरचे नमुने फारच कमी. यापुढे असे काही झाले तर मेलेल्या जनावराला उघड्या हाताने कोणी शिवू नये, आणि पुरण्याआधी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे, असे लिहिले. आणि तोवर मुलांकडून वस्तीवरची कुत्री मोजून घेता येतील का, असेही विचारले, कारण ७० टक्के म्हणजे किती, हे एकूण किती ते ठाऊक असल्याशिवाय कोण सांगणार? मोजताना कुत्र्याच्या जवळ जायचे नाही, लांबूनच रंग आणि खुणा टिपायच्या, ही अट घालून.

त्यांचे उत्तर महिन्याभराने आले. मोजणी झाली होती, पण बेरीज जमत नव्हती. तीन वेगवेगळ्या मुलांनी आपापल्या घरचे म्हणून नोंदवलेले मोती, वाघ्या आणि काळू हे एकच कुत्रे निघाले होते. सकाळी ते एका घरी भाकरी खाई, दुपारी दुसऱ्याच्या ओट्यावर झोपे, रात्री तिसऱ्याच्या मळ्यात राखणीला असे. लस कोणी टोचून घेतली आहे का असे विचारल्यावर तिन्ही घरांनी दुसऱ्या घराकडे बोट दाखवले.